उघाडीची दोरी

महापे, डोंगरावरचं घर
९ सप्टेंबर १९७९

सौ. कमळीस आशीर्वाद.

इकडे मी, शेळी आणि खालच्या घरातले दत्तूकाका असे तिघंही खुशाल आहोत. शेळी जरा जास्तच.

पोरीच्या पाचवीला उरणला आलो, पण तुझ्या आयनं तिला धड मांडीवर घेऊ दिलं नाही. बायकांनी मला ढकलत नेऊन ओटीवर बसवलं. वर केशरबाई, म्हणजे तुझी आय, पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "जावईबापू, त्या घरात लाईट येत नाय तवर कमळी यायची नाय. ती सवताच बोललीय." मी हसलो, मला मस्करी वाटली. दारातून बघितलं तर तू मान खाली घालून दुपट्यांच्या घड्या घालत होतीस, तेव्हा कळलं की मस्करी नाही.

आता लाईट आणू कुठून? आपल्या आंगणावरून टॉवरच्या तारा जातात, खाली कंपन्यांमध्ये रात्रीचा दिवस झालेला असतो, आणि मधे आपण चिमणी लावून बसतो. लाईटच्या ऑफिसात जाऊन आलो. साहेब चांगले बोलले, पण दोन घरांसाठी डोंगरावर खांब कधी चढतील ते त्यांनाही ठाऊक नाही. नव्या शहराचा नकाशा उलगडून म्हणाले, तुमचं घर कुठं ते दाखवा. मी बोट ठेवलं तिथं नुसता हिरवा रंग होता.

पण काल मागच्या वहाळात हात धुताना पाण्यानं साबणच ओढून नेला. म्हटलं, एवढा जोर फुकट चाललाय. आमच्या कंपनीतले मारोती मिस्त्री म्हणतात, पाण्यावर डायनामो फिरतो. तर मी फिरवणार आहे. हसू नकोस. बायजाला पापा दे.

तुझा,
रोहिदास


उरण, मोरा
१७ सप्टेंबर

बायजाच्या बाबांना कमळीचा नमस्कार. तुमचं नाव लिवलं तर आय वरडंल, म्हून असंच.

तुमचं पत्र आलं ते बाबांच्या हातात. पोपट पोस्टमन बंदरावरच देऊन टाकतो. बाबांनी तिथंच फोडलं नि धक्क्यावर उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचलं. शेळी जास्त खुशाल हाय म्हटल्यावर लाँचवाले पन हसले. म्हून सांगते, जे काय लिवाल ते धक्क्यावर बोलल्यासारकं लिवा. जल्लं, पाप्याबिप्याचं तरी लिवू नका!

बायजा बरी हाय. डोळे तुमचे नि रडनं बाबांचं. तुमच्या आयचं नाव ठेवलं म्हून रागीट निघली असं माजी आय म्हनते. तेल लावताना असे हातपाय झाडते की आय निम्मी न्हाते.

लाईटचं मी बोलले ते खरं हाय. असंच नाय बोलले.

वहाळाचं ऐकून बाबा म्हनाले, "ज्या पान्यात साबन ऱ्हात नाय, त्यात इज कशी ऱ्हाईल?" धक्क्यावर लई हसले सगळे. मी नाय हसले. तुमी करा.

कमळी


महापे
३ ऑक्टोबर

सौ. कमळीस (आणि धक्क्यावरच्या समस्त मंडळींस) आशीर्वाद.

काम सुरू आहे. जुन्या सायकलचं चाक आणलं. कंपनीच्या भंगारात ट्रकचा डायनामो होता, तो साहेबांची चिठ्ठी घेऊन मिस्त्रींनी मिळवून दिला. वहाळ जिथं खडकावरून उतरतो तिथून पाइप खाली आणलाय. पाइपातलं पाणी चाकाला मारायचं, चाकावरून पट्टा डायनामोला, डायनामोतून वायर घरात. ऐकायला सोपं आहे. चाकाला वाट्या लागतात पाणी झेलायला, तर तुझ्या बाबांनी पाठवलेल्या नारळांच्या करवंट्या बांधल्या. पाणी सोडलं आणि करवंट्या सुटल्या त्या थेट दत्तूकाकांच्या अंगणात. काका काठी घेऊन बाहेर आले, त्यांना माकडं वाटली.

मिस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, "रोहिदास, तुझं हेड कमी आहे." आता रोज सुटीनंतर त्याच्याच मागे आहे.

वहाळाला तुझी आठवण येते. सारखी येते. रात्री झोपसुद्धा लागत नाही त्याला. (मंडळींनी वहाळाबद्दलच समजावं.)

रोहिदास


उरण, मोरा
१२ ऑक्टोबर

बायजाच्या बाबांना नमस्कार.

काय हो, काय लिवता! "हेड कमी आहे" बाबांनी वाचलं नि धक्क्यावरून तडक निघाले. घरी येऊन आयला म्हनाले, "जावयाचं डोकं कमी हाय असं त्याच्या मिस्त्रीनंच सांगितलंय. पोर गरीब हाय, पन आदी कोनी बोललं नाय आपल्याला." आयनं माक्याचं तेल काडलंय, डोक्याला चोळायला. तुरब्याला जानाऱ्या कान्हाभावजीकडं बाटली दिली हाय. मी सांगून दमले की हे कायतरी मशिनीचं असंल, पन हेड म्हंजे काय ते मला तरी कुठं ठाऊक!

तेल लावाच. वाया नको जायला.

तुमच्या वहाळाला सांगा, त्याला पन इकडं कोनतरी आठवतं. सांजच्याला जास्त.

आनि ऐका, करवंट्या फुटल्या म्हून माज्या मांडनीवरच्या भांड्यांना हात लावाल तर याद राखा. तुमाला मी वळकते.

कमळी


महापे
२८ ऑक्टोबर

सौ. कमळीस आशीर्वाद.

हेड म्हणजे डोकं नव्हे गं. पाणी किती उंचीवरून पडतं, त्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात. आपला वहाळ पुरेशा उंचीवरून घेतला नव्हता, एवढंच. पाइप आणखी वर नेला. तेल मात्र लावलं, झोप चांगली लागते.

आता वाईट बातमी. तुझ्या लग्नातल्या स्टीलच्या पळ्या, तुझ्या मामांनी दिलेला सगळा संच, दांडे कापून चाकाला लावलाय. मांडणीवर रिकामे खिळे आहेत. काय करू, एवढी गोल आणि सारखी दुसरी वस्तू घरात नव्हती.

आणि चांगली बातमी. भाऊबीजेच्या संध्याकाळी बल्ब लागला! आधी लाल झाला, मग नारिंगी, मग पिवळा. दत्तूकाकांनी चपला काढून त्याला नमस्कार केला. ट्रकचा बल्ब आहे, फार मोठा उजेड नाही, पण ओटीवर पेपर वाचता येतो.

दिवाळीला येशील असं वाटलं होतं. मी पाट मांडून ठेवले होते. तुझ्या बाबांचा निरोप आला, कमळी नको म्हणते. असो. तिकडं बटण दाबलं की घर लख्ख होतं, त्याची सवय लागली असेल. माझ्या ट्रकच्या बल्बात तुला आपलं घर दिसेल की नाही कोण जाणे. राग आला तर येऊ दे, मलाही आलाय.

रोहिदास


उरण
५ नोव्हेंबर

बायजाच्या बाबांना.

हे पत्र मी सवता पाकिटात घालून पोस्टात टाकते. बाबांना ठाऊक नाय. तुमचं उत्तर आयच्या नावानं पाठवा.

बटनाची सवय म्हनलात ते लागलं मला. तुमाला कदी सांगितलं नाय, आता सांगते. एकदाच सांगते.

आपली थोरली गेली त्या रातीला तुमी नाईटला व्हता. वारा सुटला नि चिमनी इझली. काडेपेटी सादळलेली. थोरली माज्या मांडीवर तापानं फनफनलेली. मी काड्या घासतेय, घासतेय, एक पेटंना. दत्तूकाकांना हाका मारल्या, वाऱ्यात गेल्या. मंग तिचं अंग जरा गार लागाया लागलं. मला बरं वाटलं हो. ताप उतरला म्हून बरं वाटलं मला. मी तिला थोपटत बसले, गानं म्हनत बसले. उजाडलं तवा बगितलं.

तुमाला मी झोपेत गेली म्हून सांगितलं. ती कवा गेली ते मला ठाऊक नाय. लाईट असती तर वाचली असती असं मी म्हनत नाय. पन मी तिचं तोंड तरी बगितलं असतं.

बायजा आता झोपली की मी धा येळा उठून बत्ती लावते, तोंड बगते, बंद करते. बाबा बिलाला वरडतात. म्हून मला लाईट पायजे. उरनची मिजास म्हून नाय.

पळ्यांचं मला काय वाटलं नाय. मामांना सांगू नका.

एक इचारते. पौषात मी कपडे कुठं धुवायचे?

कमळी


महापे
१४ नोव्हेंबर

कमळी,

पत्र वाचून वहाळावर जाऊन बसलो. शिफ्टला गेलो नाही.

मी तुला काय काय लिहिलं. बटण म्हणालो, सवय म्हणालो. मला माफ कर. त्या दिवशी सकाळी मी घरी आलो तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस आणि तुझी बोटं काडेपेटीच्या गुलानं काळी झाली होती. मी ती पाहिली होती. का काळी झाली, ते एवढ्या दिवसांत विचारलं नाही मी. विचारायला पाहिजे होतं गं.

बल्ब ओटीवरून काढला. आता पाळण्याच्या वर, आढ्याला आहे. पाळणा रिकामाच आहे, पण खाली हात धरला तर हातावरच्या रेषा दिसतात. तोंड नक्की दिसेल.

कपड्यांची कसली काळजी करतेस? मी विहिरीवरून पाणी भरून देईन.

तुझा,
रोहिदास


महापे
१८ डिसेंबर

सौ. कमळीस,

आयच्या नावानं नाही, हे पत्र मुद्दाम बाबांच्या नावानं पाठवतोय. त्यांनीही वाचावं.

न्यायला येतो येतो म्हणत महिना काढला. खरं कारण लिहायला हात धजत नव्हता. वहाळ आटतोय. पाइपात आता अर्धंसुद्धा पाणी येत नाही, बल्ब लाल होतो आणि तिथंच थांबतो. पौषात नुसता झरा ठिबकत राहील. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वाटलं, एकदा घरात उजेड बघितलास की येशील, मग पुढचं पुढं. तू थोरलीचं लिहिलंस त्यानंतर तर सांगायची छातीच झाली नाही.

अर्ध्या वर्षाची लाईट दाखवून तुला फसवून आणणार होतो, असंच म्हणायचं. बाबा, तुमची पोर आणि नात तुमच्याकडे सुखात आहेत. खांब येईपर्यंत त्यांना तिथंच ठेवा. मी दर रविवारी येत जाईन.

रोहिदास


उरण, मोरा
३० डिसेंबर

बायजाच्या बाबांना नमस्कार.

बाबा धक्क्यावर तुमचं पत्र वाचाया लागले नि मदीच थांबले. लाँचवाले म्हनाले, "पुढं काय, भगवानशेठ?" बाबा म्हनाले, "पुढं आमच्या घरचं हाय." घडी घातली नि मला आनून दिलं. असं पयल्यांदाच झालं.

आता माजं ऐका. लगीन झाल्यापासून मी त्या वहाळात कपडे धुतले, धोंड्यावर आपटून आपटून माजी मनगटं गेली, नि तो कवा आटतो ते मला ठाऊक नसंल व्हय? म्हून तर पौषाचं इचारलं तुमाला! म्हटलं, बघू, सवताहून सांगतात का. तर तुमी विहिरीच्या गोष्टी सांगाया लागलात. तवा मात्र वाटलं, हेड कमीच हाय.

पन सांगितलंत. उशिरा का व्हईना. माजा राग गेला.

तुमी डोंगरावरचे लोक, पानी गेलं की गेलं म्हनता. आमी खाडीवाले पानी कोंडतो. बाबांची सगळी हयात मिठागरात गेली. भरतीचं पानी आलं की बांधात अडवायचं, उघाडीला फळी लावायची, नि पायजे तवा फळी वर वढून सोडायचं. झऱ्याचं थेंब थेंब पानी दिवसभर खड्ड्यात कोंडलं नि पाइपाच्या तोंडाला उघाडी बसवली, तर राती तासभर तरी तुमचं चाक फिरंल का नाय? मला सांजच्याला लाईट नको. सैपाक मी चुलीच्या उजेडात करीन. मला बायजा रडंल तवा पायजे, तेवडीच.

हे मी बाबांना बोलले. ते उठले नि फावडं शोधाया लागले.

कमळी


महापे
२४ जानेवारी १९८०

सौ. कमळीस आशीर्वाद.

तुझे बाबा काल परत गेले. कंबर धरून पोचले असतील, शेकून दे. घणसोलीच्या खाडीतली चिकण माती गोण्यांत भरून दोघांनी डोंगरावर वाहिली. मी म्हटलं, डोंगरात काय माती नाही? म्हणाले, "ही माती पान्याला धरते. तुजी नुसती बघत बसते." खड्डा लिंपला, बांध घातला, सागाच्या फळीची उघाडी स्वतः तासून बसवली. जेवताना त्यांच्या पानातला अर्धा बोंबील माझ्या पानात टाकला. निघताना म्हणाले, "हेड चांगलं हाय तुजं." बल्बाकडं बघत म्हणाले, त्यामुळं कुठलं हेड ते कळलं नाही.

आता माझं काम. उघाडीच्या फळीला दोरी बांधली. ती विहिरीच्या जुन्या रहाटावरून घेतली, मागच्या खिडकीतून घरात आणली आणि तुझ्या उशाशी सोडली. पाळण्याची एक दोरी आणि ही दुसरी. ओढलीस की वर फळी उचलते, पाणी पाइपात शिरतं, चाक फिरतं. सोडलीस की फळी खाली, पाणी बंद. एका हातानं होतं, पोर मांडीवर असली तरी. मी अंथरुणावर पडून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ओढून बघितली. मी नाईटला असलो तरी दोरी असेल.

एक मात्र आधीच सांगतो, पौषासारखं पुन्हा नको. वैशाखात झराही आटतो. तेव्हा खड्ड्यात बेडूक बसतील. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

रोहिदास


उरण, मोरा
३ फेब्रुवारी

बायजाच्या बाबांना नमस्कार.

एवडं काय तोंड पाडून लिवता? वैशाखात वहाळ म्हायेरी जातो म्हना ना! तवा मी पन म्हायेरीच येनार, सगळ्याच येतात. तो मिरगाला परत आला की मी पन येईन. कोनी कोनाची वाट बगायला नको.

रईवारी सकाळच्या यष्टीनं निघते. पनवेल स्टँडवर या. दाढी करून या, बायजा दाढीला भिते.

आयनं नव्या पळ्या दिल्यात. त्यांच्याकडं बगाल तर बगा.

कमळी


उरण, मोरा
२२ मे १९८०

बायजाच्या बाबांना कमळीचा नमस्कार.

आमी दोघी खुशाल. बायजा रांगत रांगत बंदराच्या वाटेला लागते, बाबा तिला उचलून उचलून थकले. लाँचवाल्यांनी तिला "शेळी" नाव ठेवलंय. तुमच्यामुळं.

परवाच्या राती एक गंमत झाली. बायजा रडली. मी झोपेतच उशाशी हात घातला, दोरी सापडली, वढली. ती आयच्या मच्छरदानीची निघाली! सगळी मच्छरदानी आय नि बाबांच्या अंगावर. बाबा आत गुरफटलेले नि वरडतायत, "अगो, भिंतीला बटन हाय ना! पोरीचं हेड कमी झालं का काय!" आय हसून हसून रडाया लागली.

मंग मी उठून बटन दाबलं. लख्ख झालं. बायजाचं तोंड बगितलं, मुठ चोखत व्हती. निजवली तिला. पन मला झोप लागंना. घरी दोरी वढली की वर पानी सुटल्याचा आवाज येतो, मंग चाकाचा, मंग बल्ब लाल व्हतो, मंग पिवळा. तेवड्या येळात मला वाटतं, तुमी नाईटला असलात तरी घरातच कुठंतरी हाय, उठताय, येताय. इथल्या बटनाला आवाजच नाय हो.

बाबा ह्या पत्रासोबत नवी सुंभाची दोरी पाठवतायत, जुनी झिजली असंल म्हनून. पान्यात भिजवून घ्या, मंगच बांधा.

वहाळ म्हायेरून निघाला की लगीच कळवा. आमी दोघी पिशवी भरून बसलोय.

कमळी